गाढवाचा पाऊस आणि मंगळाचे दोन चंद्र

रोहिण्या निघाल्या की आमच्या जिंतूर तालुक्यात चहाच्या हॉटेलात दोनच विषय असतात, बियाणं आणि वाहन. वाहन म्हणजे पावसाचं. यंदा मृग कशावर बसून येणार हे पंचांगात बघितल्याशिवाय कुणाला करमत नाही.

"काय वाहन हाय हो, गुरुजी?"

"गाढव."

"मंग झालं. लाथा खायची तयारी ठिवा."

सगळं हॉटेल हसतं. म्हैस निघाली तर ती डबक्यात बसल्याशिवाय पुढं जाणार नाही. उंदीर निघाला तर पेरलेलं उकरून खाणार. कोल्हा बांधावरूनच हूल देऊन पळणार, मोर नुसता नाचून दाखवणार. बेडूक किंवा हत्ती निघाला की मात्र विनोद एकदम कमी होतात. तेव्हा प्रत्येकाच्या मनात आशा जागी झालेली असते, आणि आशा लागली की कोरडवाहू मुलखातली माणसं जपून बोलतात.

हे वाहन ठरतं कसं, ते मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. खताच्या पावतीच्या पाठीमागं त्यांनी अश्विनीपासून रेवतीपर्यंत २७ नक्षत्रं ओळीनं लिहिली. सूर्य ज्या क्षणी मृगात जातो, त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पंचांगात बघायचं. मग मृगापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत बोटानं मोजत जायचं आणि येईल त्या संख्येला ९ नं भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. समजा चंद्र उत्तरा नक्षत्रात आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा: आठ झाले, गाढव. चंद्र पुढं हस्तात गेला की नऊ, बाकी शून्य, हत्ती. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. सूर्य एक दिवस उशिरा मृगात शिरला असता तर त्याच गाढवाचा हत्ती झाला असता.

त्या पावतीचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. ज्या गोष्टीवर अख्खं गाव हसतं तिच्या पोटात एक भागाकार बसलेला आहे, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. पुढं वाचत गेले, आकाशाबद्दल आणि विनोदी लेखकांबद्दलही, तसं हेच पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. आकाशावरचा चांगला विनोद कधी अधांतरी नसतो. त्याच्याखाली कुणीतरी बसून हिशेब केलेला असतो, नाहीतर रात्ररात्र जागून बघितलेलं असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते. त्या भागाकारातल्या बाकीचा पावसाशी काही संबंध नाही. पाऊस मोसमी वाऱ्यांनी येतो, अरबी समुद्रावरच्या आणि बंगालच्या उपसागरावरच्या बाष्पानं येतो, आणि चंद्र उत्तरा नक्षत्रात आहे की हस्तात, हे त्या ढगांना ठाऊक नसतं. आमच्याकडे दुबार पेरणीनं घरं कर्जात जातात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. पण वाहन वेगळं आणि नक्षत्र वेगळं. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून मोजतात. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे २७ सारखे भाग केले की प्रत्येक भागाला साडेतेरा दिवसांच्या आसपास मिळतात. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच निघतो. आपल्या तिथी चंद्रावर चालतात आणि मागंपुढं सरकत राहतात. पेरणीला असला सरकता हिशेब चालत नाही. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी सणाला चंद्र ठेवला आणि शेताला सूर्य दिला. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्यातली आणखी एक गंमत बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. जूनमध्ये "मृग निघाला" म्हणतो तेव्हा मृग आकाशात दिसत नाही. सूर्य त्याच्या अंगावर बसलेला असतो, त्यामुळं ते तारे दिवसा डोक्यावरून जातात आणि सूर्याबरोबरच मावळतात. मृगाचे तारे बघायचे तर पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात. म्हणजे ज्या नक्षत्राच्या नावानं आपण आभाळाकडं डोळे लावून बसतो, ते त्या पंधरवड्यात एकालाही दिसत नसतं. तरी ते कुठं आहे हे ठाऊक असतं, कारण कुणीतरी मोजून ठेवलंय.

मृगानंतर आर्द्रा, मग पुनर्वसू आणि पुष्य. पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा पडला की आजी म्हणायची, "धिंगाणा घालून गेला, काम काय केलं नाही." म्हातारा रिपरिप लागला की म्हणायची, "ह्याला घाई नाही. बसंल दोन दिस." जुलैच्या पहिल्या आणि दुसऱ्या पंधरवड्यातल्या पावसाचा स्वभाव तिनं आयुष्यभर बघितला होता आणि तो दोन माणसांत बसवून टाकला होता.

आजीचं आकाश माळवदावरचं. आता माळवदं फारशी राहिली नाहीत. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं माणसांवर कोसळलं, आणि त्यानंतर मराठवाड्यात कुणाचा त्या छपरावर जीव बसला नाही. ते योग्यच झालं. पण माझ्या लहानपणी उन्हाळ्यातली झोप माळवदावरच असायची. दिवसभर तापलेली पांढरी माती रात्री नऊपर्यंत खालून ऊब देत राहायची. आजी आधी पाण्याचा शिपका मारायची, मग वाकळ दोन टोकांना धरून जोरात झटकायची, एकदा नाही, तीनदा. विंचवासाठी. भिंतीच्या सांदीतला विंचू उन्हाळ्यात गारव्याला बाहेर पडतो.

वाकळ झटकून आडवं झालं की उत्तरेला बाज दिसायची. शहरातली माणसं तिला सप्तर्षी म्हणतात. आजीसाठी ते चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर आणि मागचे तीन तारे म्हणजे तीन चोर. बाज सोन्याची आहे, चोर ती ओढून न्यायला टपलेले आहेत, पण म्हातारी झोपतच नाही. खोकते, कूस बदलते, "कोण हाय रं?" म्हणते, आणि चोर जागच्या जागी थबकतात. रात्र सरते, बाज कलते, चोर मागंच राहतात. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, दिवाळीत तर बाज दिसत नव्हती?" आजीकडं उत्तर तयार. "नेली व्हती की चोरांनी. म्हातारी मागं लागली पायी पायी. शिमग्याला परत आणून ठिवली मुकाट्यानं."

या उत्तरात काय काय आहे ते मला फार नंतर उलगडलं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो ते आपल्या अक्षांशावर ठरतं. आमच्याकडे तो साडेएकोणीस अंशांच्या आसपास, म्हणजे बराच खाली. सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना अर्ध्या वाटेत क्षितिजाखाली जातात. दिवाळीच्या संध्याकाळी ते खालीच असतात, आणि शिमग्याच्या सुमारास अंधार पडताच ईशान्येला वर येऊ लागतात. आजीनं भूगोल वाचलेला नव्हता. बाज कधी जाते आणि कधी येते हे तिनं बरोबर टिपलं होतं, आणि त्यावर चोरांची गोष्ट बेतली होती. युरोपातल्या आजीला ही गोष्ट सांगता आली नसती. डब्लिनच्या अक्षांशावर सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. तिथली म्हातारी एकही दिवस चोरांच्या मागं गेली नसती.

खगोलशास्त्रानं त्या बाजेबद्दल आणखी एक शोध लावलाय, तो ऐकायला आजी हवी होती. त्या सात ताऱ्यांपैकी मधले पाच खरोखरच एका कुटुंबातले आहेत. ते एकत्र जन्मले, आपल्यापासून साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत, आणि एकाच दिशेनं चाललेत. दोन्ही टोकांचे दोघे, क्रतू आणि मरीची, त्यांच्यापेक्षा लांब आहेत आणि आपापल्या वाटेनं निघालेत. म्हणजे बाजेचा एक खूर आणि शेवटचा चोर हे परके. हजारो वर्षांनी बाज मोडणार आहे, आणि ती आधी या दोन टोकांनाच मोडेल.

त्या पाचांतला एक पुलस्त्य. बाजेच्या खालच्या अंगाचा, चोरांच्या बाजूचा खूर. पुण्याच्या आयुका या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथं शाळकरी पोरं स्वतःच्या हातानं प्रयोग करतात, दुर्बिणीला डोळा लावतात. त्या शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी होती, आणि इमारतीचं नाव ठेवलं पुलस्त्य. महाराष्ट्राला ज्या माणसानं सर्वांत जास्त हसवलं त्याच्या पैशातून मुलांना तारे दिसावेत, आणि त्यासाठी नाव निवडताना कुणीतरी सप्तर्षींत पु. ल. शोधावेत, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही. पुतळ्यापाशी पोरं थांबत नाहीत. इथं ती रांगा लावून येतात.

मराठी विनोदाचं आणि आकाशाचं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते आमच्या शेजारी घडलं. जिंतूरहून उत्तरेला गेलं की लोणार लागतं, तिथून बुलढाणा जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्यातल्या खामगावात आणि जळगाव जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली. १८७१ ते १९३४ हा त्यांचा काळ. मराठीत विनोदी लेखनाची वाट त्यांनी पाडली. त्यांचा सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना आणि पांडूतात्या यांनी आपल्या समाजातल्या खुळ्या समजुतींची आणि रिकाम्या कर्मकांडांची जी हजेरी घेतली, ती 'सुदाम्याचे पोहे' या लेखसंग्रहात आहे. गडकरी त्यांना गुरू मानत. हे बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असतं. याच माणसानं 'भारतीय ज्योतिर्गणित' नावाचा ग्रंथही लिहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मला ही दोन पुस्तकं एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. ज्योतिर्गणित म्हणजे भविष्य सांगणं नव्हे. ग्रह आज कुठं आहे, ग्रहण कधी लागेल, तिथी कधी संपेल, याचं ते रोकडं गणित आहे. ज्याला हे गणित स्वतः मांडता येतं, त्याला त्याच्या जोरावर चाललेली फसवणूक कुठं सुरू होते तेही नेमकं दिसतं. कोल्हटकरांच्या विनोदाला जी धार आहे ती मला तिथून आलेली वाटते. आपल्याकडे श्रद्धेची थट्टा करणारे पुष्कळ झाले. पण पंचांगाचा हिशेब बसून करायचा आणि मग ग्रहांच्या नावानं घाबरवणाऱ्यांवर हसायचं, ही तयारी कितीजणांची होती? हसण्याचा हक्क त्यांनी राबून मिळवला होता.

आणि आता मंगळ.

जोनाथन स्विफ्ट डब्लिनचा. त्याचं गलिव्हरच्या प्रवासांचं पुस्तक १७२६ साली आलं. आपण शाळेत त्यातला अंगठ्याएवढ्या माणसांचा देश वाचतो आणि तिथंच थांबतो. तिसऱ्या भागात लापूटा नावाचं हवेत तरंगणारं बेट आहे. तिथली थोर मंडळी गणितात आणि खगोलात इतकी बुडालेली असतात की त्यांचा एक डोळा आत वळलेला आणि दुसरा सरळ आभाळाकडं. समोरचा बोलतोय हे त्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येकानं एक नोकर ठेवलेला असतो. त्याच्या हातात काठी, काठीला फुगवलेला पिशवीसारखा फुगा, त्यात वाटाणे किंवा खडे. बोलायची वेळ आली की नोकर तो फुगा मालकाच्या तोंडावर हळूच मारतो, ऐकायची वेळ आली की कानावर. ही माणसं सकाळी भेटली की एकमेकांना सूर्याची तब्येत विचारतात. धूमकेतू येऊन धडकेल या धास्तीनं त्यांना झोप नसते.

वाचताना वाटतं, हा खगोलशास्त्राची टिंगल करतोय. आणि नेमकं तिथंच स्विफ्ट सांगतो की या लोकांनी मंगळाचे दोन चंद्र शोधलेत. आतला चंद्र मंगळाच्या केंद्रापासून त्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर, तो १० तासांत एक फेरी मारतो. बाहेरचा पाचपट अंतरावर, त्याला साडेएकवीस तास. त्या वेळी मंगळाला चंद्र आहेत हे पृथ्वीवर कुणालाही माहीत नव्हतं. ते सापडले १८७७च्या ऑगस्टमध्ये, वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत, आसफ हॉल यांना. दीडशे वर्षांनी. आणि खरोखर दोनच निघाले, फोबॉस आणि डिमॉस.

यावरून स्विफ्टला दिव्यदृष्टी होती वगैरे बरंच लिहिलं गेलंय. त्यात काही अर्थ नाही. दोनचा अंदाज त्याच्या आधी शंभर वर्षांपासून हवेत होता. पृथ्वीला एक चंद्र, गुरूचे तेव्हा दिसलेले चार, मग मधल्या मंगळाला दोन असावेत, असा सरळ हिशेब. १६१० साली गॅलिलिओनं शनीबद्दलचा आपला शोध अक्षरं उलटसुलट करून, कोड्यात बांधून पाठवला होता. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं ते कोडं आपल्या परीनं सोडवलं आणि त्यातून शनीऐवजी मंगळाच्या जोडीला नमस्कार काढला. इतकी ती दोनाची कल्पना त्याच्या मनात बसलेली होती.

मला अचंबा वाटतो तो अंदाजाचा नाही, आकड्यांचा. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की एकाच ग्रहाभोवती फिरणाऱ्या चंद्रांच्या बाबतीत अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग, हे उत्तर सगळ्यांचं सारखं यायला हवं. स्विफ्टचे आकडे घ्या. आतला चंद्र: ३ चा घन २७, १० चा वर्ग १००, भागाकार ०.२७. बाहेरचा: ५ चा घन १२५, साडेएकवीसचा वर्ग ४६२.२५, भागाकार ०.२७०४. जुळतं! ज्या भागात तो खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडावर फुगे मारतोय, त्याच भागात त्यानं न सापडलेल्या दोन चंद्रांचा हिशेब चोख करून ठेवलाय, आणि हे अंतर-काळाचं प्रमाण जुळतं असं पुस्तकात लिहूनही टाकलंय. वाचकांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी तो भागाकार कधी केला नसता. तरी त्यानं तो चुकू दिला नाही. खताच्या पावतीवरचा नऊचा भागाकार मला त्या वेळी आठवला आणि अण्णांना हे दाखवायची इच्छा झाली. ते तेव्हा नव्हते.

खरे आकडे अर्थातच वेगळे निघाले. फोबॉस ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो, डिमॉसला ३० तासांहून थोडं जास्त लागतं. मंगळ स्वतःभोवती साडेचोवीस तासांत फिरतो, म्हणजे फोबॉस त्याच्यापेक्षा जोरात धावतो. त्यामुळं मंगळावर उभं राहिलं तर हा चंद्र पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल, आणि तेही दिवसातून दोनदा. पश्चिमेला उगवणारा चंद्र! आमच्या हॉटेलात हे सांगितलं तर लोक म्हणतील, बाई काहीतरीच बोलायल्या. पण स्विफ्टच्या दहा तासांच्या चंद्रानंही हेच केलं असतं.

डिमॉसवर दोन विवरांना नावं दिलीत. एकाचं नाव स्विफ्ट. दुसऱ्याचं व्होल्तेर, कारण त्या फ्रेंच लेखकानंही १७५२च्या एका खोडकर गोष्टीत मंगळाला दोन चंद्र दिले होते. त्या गोष्टीतला राक्षसदेही प्रवासी व्याधाच्या ताऱ्याजवळून येतो आणि पृथ्वीवरच्या माणसांच्या तोऱ्यावर हसतो. विवरांना नावं द्यायला शास्त्रज्ञांनी राजे शोधले नाहीत, हसवणारे लेखक शोधले. हे मला फार आवडतं.

अमेरिकेतला विनोदी लेखक मार्क ट्वेन, त्याची गोष्ट छोटी आहे आणि ती पुष्कळांना माहीत असते. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५चा, हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळून गेल्याला दोन आठवडे झाले होते. १९०९ साली तो म्हणाला की मी धूमकेतूबरोबर आलो, पुढच्या वर्षी तो परत येतोय, तर त्याच्याबरोबर जाईन म्हणतो. धूमकेतू २० एप्रिल १९१०ला सूर्याच्या सर्वांत जवळ आला. २१ एप्रिलला ट्वेन गेला. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण "पुढच्या वर्षी येतोय" हे त्याला इतक्या खात्रीनं म्हणता आलं, ते एडमंड हॅलेमुळं. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच आहे हे हॅलेनं गणितानं दाखवलं आणि १७५८ला तो परतेल असं सांगून ठेवलं. हॅले १७४२ला वारला. धूमकेतू १७५८च्या नाताळात दिसला. ट्वेनच्या त्या एका वाक्याखाली हॅलेच्या आयुष्याचा हिशेब आहे.

आमच्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. गोदावरीच्या काठी पैठणला एकनाथ होते, १५३३ ते १५९९. त्यांच्या भारुडांतला विंचू चावलेला माणूस अजून गावोगाव नाचतो. भारुड करणारा एकदा अंग मुरडायला लागला की लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे हसतात, आणि हसता हसता कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे. मी विंचू चावलेली माणसं बघितलीत. ते आचके, ते मांडीपर्यंत चढणारं दुखणं, "उतरवा उतरवा" म्हणून केलेला धावा, सगळं भारुडात जसंच्या तसं आहे. नाथांनी आधी नीट बघितलं, मग हसवलं.

माळवदावर वाकळ झटकून आम्ही झोपायचो ते याच विंचवाच्या धास्तीनं, आणि डोळे उघडले की आग्नेयेला दुसरा विंचू वर येत असायचा. मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास तो पुरता बाहेर येतो: पुढं अनुराधा, मध्ये तांबडी ज्येष्ठा, मागं मूळ नक्षत्राची वळलेली नांगी. आकाशातल्या चित्रांत इतकं हुबेहूब दुसरं नाही. ती नांगी युरोपाच्या उत्तरेकडं नीट दिसतच नाही, क्षितिजाखाली राहते. आमच्याकडे ती आकड्यासारखी स्पष्ट दिसते. ज्येष्ठा सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षांवर आहे, आणि ती सूर्याच्या जागी आणून ठेवली तर पृथ्वीच नव्हे, मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. नाथांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा निघालेला तिचा उजेड आमच्या माळवदापर्यंत पोचायला माझं बालपण उजाडावं लागलं.

आता रात्रीचं आभाळ बघणारी माणसं वेगळी आहेत. तालुक्याच्या गावी हायमास्टच्या दिव्यांखाली सप्तर्षींचेही सगळे तारे दिसत नाहीत. ते दिसतात रातच्या लाईटीला पाणी द्यायला जाणाऱ्यांना. माझा चुलतभाऊ रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बाराला निघतो. गमबूट, डोक्याला बांधलेली बॅटरी, हातात खोरं. डिसेंबरात त्या वेळी मृग डोक्यावर असतो. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाला तो तिकांडं म्हणतो, आणि तिकांडं पश्चिमेच्या लिंबावर टेकलं की मोटार बंद करतो. फोनमध्ये घड्याळ आहे, पण ओल्या चिखलाच्या हातानं फोन कोण काढणार? तारे तासाला पंधरा अंश सरकतात. त्याला अंशांचा हिशेब ठाऊक नाही, वाफे ठाऊक आहेत. एवढ्या वाफ्यांत तिकांडं एवढं सरकतं, हे त्याचं गणित बरोबर येतं, मी घड्याळ लावून बघितलंय. आणि बीड-धारूरकडचे ऊसतोड कामगार पहाटे फडात शिरतात तेव्हा तेही पूर्वेकडं नजर टाकतात, शुक्राची चांदणी निघाली का म्हणून. ज्यांचं पोट रात्रीच्या कामावर आहे त्यांच्याकडं हे ज्ञान अजून जिवंत आहे. त्याला अडाणी समजूत म्हणून बाजूला सारणारी शाळा मला मान्य नाही.

जिंतूरपासून जवळच औंढा नागनाथ. हिंगोली जिल्हा. नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची गोष्ट तिथलीच सांगतात: विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय बाबा, जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तिथं पिंड. संतांच्या गोष्टींत इतकी खट्याळ गोष्ट क्वचित असेल.

त्याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लाटा टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून जाणारा लेसर, टोकांना आरसे. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच हिसका बसतो, आणि तो हिसका इथं पोचला की नळीची लांबी अणूच्या आतल्या प्रोटॉनच्याही एका बारीकशा अंशाइतकी कमी-जास्त होते. तेवढा फरक मोजायचा. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी तो पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ला मोजला. ती टक्कर झाली होती १३० कोटी वर्षांपूर्वी.

मी हे हॉटेलात समजावून सांगत होते. कोपऱ्यात बसलेले एक मामा शांतपणे चहा पीत ऐकत होते. कप ठेवला आणि म्हणाले, "मंग ताई, आमची ऊसाची ट्रॉली गेली बाजूनं, तर ते यंत्र म्हणंल का, कृष्णविवर आदळलं म्हणून?"

हॉटेल हसलं. पण हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोक्याला लावून घेतलाय. ट्रॉली, रेल्वे, लांबच्या समुद्राच्या लाटा, सगळ्यांनी जमीन हलते, आणि ते हलणं त्या हिसक्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. म्हणून तर वर्दळीपासून लांब, शांत जमीन शोधत ही मंडळी हिंगोलीपर्यंत आली. म्हणून ४० किलोचा आरसा एकाखाली एक चार टप्प्यांच्या लंबकावर टांगतात, जमिनीचा हादरा आरशापर्यंत पोचू नये म्हणून. आणि एवढं करूनही एका यंत्राचा शब्द खरा धरत नाहीत. अमेरिकेतली दोन यंत्रं एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर आहेत. २०१५ची लाट दोघांना ७ सहस्रांश सेकंदाच्या फरकानं जाणवली, तेव्हा कुठं ती मान्य झाली.

"म्हणजे मामा," मी म्हटलं, "तुमची ट्रॉली हितं औंढ्याला हलवील. पण त्याच क्षणाला अमेरिकेत बी हलवायची, तर तिला तेवढं जोरात पळवावं लागंल."

मामांनी थोडा विचार केला. "उजेडाएवढं?"

"उजेडाएवढंच."

"मंग डिझेल परवडायचं नाही," म्हणाले, आणि दुसरा चहा सांगितला.